पायडलाविना सायकल

दिवाळीच्या थोडी आधीची गोष्ट. माझ्या पुतण्याला पुण्यात नोकरी लागून वर्ष झाले होते. वर्षभर त्याने दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि एक सायकल घेतली. आपली नेहमीची काळी सायकल नव्हे. बारीक टायरांची, खाली वाकलेल्या हँडलची, एका हाताने सहज उचलावी इतकी हलकी. किंमत ऐकून माझे थोरले बंधू, म्हणजे त्याचे वडील, काही वेळ बोललेच नाहीत. दादांनी बत्तीस वर्षे खडकीच्या कारखान्यात सायकलवरून जाऊन नोकरी केली. सायकलीला किती पैसे पडावेत याचा त्यांचा हिशेब वेगळा आहे.

खोके घरी आले तेव्हा आम्ही सगळे भोवती जमलो. चौकट निघाली, चाके निघाली, सीट निघाली. पुतण्याने एकेक वस्तू सतरंजीवर मांडली. शेवटी दादांनी खोके उलटे करून झटकले.

"आणि पायडलं?"

"पायडलं येत नाहीत, बाबा."

"येत नाहीत म्हणजे? घालायला विसरले असतील."

"नाही हो. या सायकली अशाच विकतात."

दादांनी हातातला पाना खाली ठेवला. "जातं विकायचं आणि खुंटा द्यायचा नाही, असला हा धंदा. फसवलं तुला."

पुतण्या गप्प बसला. पैसे घेताना दुकानदाराने त्याला यातले काही सांगितले नव्हते, हेही खरेच होते. रविवारी मित्रांबरोबर सिंहगडच्या पायथ्याशी जायचा त्याचा बेत होता. तो राहिला, आणि ती देखणी सायकल भिंतीला टेकून उभी राहिली. सगळे होते, पण पाय ठेवायला जागा नव्हती.

श्रोतेहो, त्या संध्याकाळी दादांना समाधानकारक उत्तर मलाही देता आले नाही. म्हणून मी पायडलाच्या इतिहासाच्या मागे लागलो. आपण समजतो की सायकल म्हटली की पायडल आलेच. इतिहास तसे सांगत नाही. पायडल सायकलीला उशिरा चिकटले, कधी एका जागी तर कधी दुसऱ्या जागी बसले, आणि अलीकडे काही सायकलींवरून पुन्हा उतरले. त्या उतरण्यामागे जे कारण आहे, ते समजले म्हणजे फसवणूक झाली की नाही याचा निवाडा करता येईल.

पहिली गोष्ट अशी, की जगातली पहिली सायकल पायडलाविनाच होती. जर्मनीतल्या बाडेन संस्थानात कार्ल फॉन ड्राइस नावाचा एक अधिकारी होता. त्याने एका लाकडी दांड्याखाली एकामागे एक अशी दोन चाके बसवली, पुढचे चाक वळवता येईल अशी सोय केली, आणि १२ जून १८१७ रोजी मानहाइम शहरातून श्वेट्झिंगेनच्या रस्त्याने ती पळवून दाखवली. जाऊन येऊन बारा-चौदा किलोमीटरची मजल त्याने तासाभराच्या आत मारली. दांड्यावर बसायचे आणि दोन्ही पायांनी आळीपाळीने जमीन मागे ढकलत पळायचे, अशी तिची रीत. या यंत्राला त्याने नावच 'पळण्याचे यंत्र' असे दिले. लंडन, पॅरिसच्या शौकिनांनी त्याच्या नकला केल्या. रस्ते खडबडीत म्हणून ही मंडळी पादचाऱ्यांच्या वाटेवर घुसू लागली, तेव्हा न्यूयॉर्कसारख्या शहरांनी १८१९ मध्ये त्यावर बंदी घातली, आणि ते खूळ ओसरले.

आता मौज पाहा. दोन चाके झाली, वळवायची सोय झाली, माणूस वर बसला. पण पायांनी फिरवायची खुंटी चाकाला लावावी, ही कल्पना रुजायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे लागली. लोहारांना ती खुंटी घडवता येत नव्हती असे नाही. हाताने फिरवायची चक्रे आणि रहाट त्या काळी घरोघर होते. अडचण मनाची होती. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचलले तर माणूस पडणार, ही भीती. उतारावर ड्राइसचे स्वार क्षणभर पाय उचलून घेत. पण जमीन कायमची सोडायची हिंमत होत नव्हती. पायडल म्हणजे जमीन सोडण्याचा करार. तो करायला माणसाला अर्धे शतक लागले.

तो करार झाला पॅरिसमध्ये, १८६० नंतरच्या काही वर्षांत. पुढच्या चाकाच्या आसाला दोन्हीकडे क्रँक आणि क्रँकच्या टोकाला पायडल. ही युक्ती पहिल्याने कोणाची, यावर वाद आहे. घोडागाडीचे सामान करणारा पिएर मिशो आणि त्याचा मुलगा एर्नेस्त यांचे नाव घेतात. पण कागदावर लिहिलेला पुरावा दुसऱ्याच माणसाच्या बाजूने आहे. पिएर लालमाँ नावाचा एक तरुण फ्रेंच कारागीर १८६५ मध्ये अमेरिकेला गेला आणि २० नोव्हेंबर १८६६ रोजी तिथे त्याला पायडलाच्या सायकलीचे पेटंट मिळाले. त्याच्या हाती त्यातून फारसे काही लागले नाही. पेटंट विकले गेले, पुढे ते एका मोठ्या कारखानदाराकडे पोहोचले, त्याने त्यावर पैसा केला. आणि लालमाँ १८९१ मध्ये बॉस्टन शहरात जवळजवळ अज्ञात अवस्थेत वारला. पायडलाचा जनक म्हणावा असा माणूस, पण त्याच्या अंत्ययात्रेला सायकलस्वारांची रांग लागली असेल असे वाटत नाही.

त्या पहिल्या पायडलाबद्दल एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळच्या क्रँकला पुष्कळदा एक लांब खाच ठेवलेली असे. पायडल त्या खाचेत मागे-पुढे सरकवून हवे तिथे आवळायचे. कारण उघड आहे: एकाचे पाय लांब, दुसऱ्याचे आखूड. सायकल कारखान्यात तयार होई, पण पायडलाची जागा स्वाराच्या मापाने ठरे. म्हणजे यंत्र कारखान्याचे आणि पायडल स्वाराचे, हे नाते अगदी जन्मापासूनचे आहे.

पायडल थेट चाकालाच जोडलेले असल्यामुळे आणखी एक पेच उभा राहिला. पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. जास्त वेग हवा तर चाक मोठे करा, याला दुसरा उपाय नाही. मग १८७० नंतर इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरात जेम्स स्टार्ली आणि त्याचे सहकारी पुढचे चाक वाढवत गेले. छातीएवढे चाक पुढे आणि ताटलीएवढे मागे, अशी ती उंच सायकल आपण जुन्या चित्रांत पाहतो. ५० इंच व्यासाचे चाक एका फेरीत जवळजवळ चार मीटर पुढे जाते. याहून मोठे का नाही? तर स्वाराचा पाय पायडलापर्यंत पोहोचला पाहिजे. यंत्राचा वेग माणसाच्या टांगेने ठरवला. अशाच ५० इंची चाकावर बसून टॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ १८८४ ते १८८६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता, आणि १८८६ मध्ये लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत आपल्या ग्रँड ट्रंक रस्त्याने गेला. वाटेवरच्या गावकऱ्यांनी त्या उंच स्वारीकडे पाहून काय म्हटले असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

मग आली साखळी. याच कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केंप स्टार्ली याने १८८५ मध्ये 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. पायडल चाकापासून सोडवून दोन चाकांच्या मध्ये, स्वाराच्या खाली आणले. पुढे मोठे दातेरी चक्र, मागे लहान, दोघांत साखळी. चाक लहान राहूनही वेग मिळू लागला. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर दिला. आज आपण जी सायकल चालवतो तिचा सांगाडा इथे पुरा झाला. पुढे जे झाले ते तपशिलाचे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या तपशिलातच दडले आहे.

पायडलाकडे नीट पाहा. त्याला दोन टोके आहेत. एक टोक यंत्राकडे: आटे पाडलेला दांडा, तो क्रँकमध्ये घुसतो. दुसरे टोक माणसाकडे: त्यावर आपण पाय ठेवतो. या दोन टोकांचा इतिहास अगदी निरनिराळा झाला.

यंत्राकडचे टोक आधी घेऊ. पायडल आट्यांनी क्रँकमध्ये आवळायची पद्धत रूढ झाली, तेव्हा एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. उजवे पायडल चालवता चालवता आपोआप घट्ट होई, आणि डावे आपोआप सैल होऊन गळून पडे. हे का होते ते स्वयंपाकघरात पाहता येईल. एक रुंद डबा घ्या. त्यात लाटणे उभे धरा आणि डब्याच्या आतल्या कडेला टेकवून, घसरू न देता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कडेकडेने गडगडवत न्या. लाटणे डब्यात एका दिशेने प्रदक्षिणा घालते, पण स्वतःभोवती मात्र उलट दिशेने फिरते. पायडलाचा दांडा कितीही आवळला तरी क्रँकच्या भोकात केसभर जागा राहतेच. आपला पाय खाली दाबतो, क्रँक फिरत असतो, म्हणून तो दाब भोकाच्या कडेकडेने फिरत राहतो. आणि दांडा लाटण्यासारखा किंचित किंचित गडगडत जातो. उजवीकडे हे गडगडणे आवळण्याच्या दिशेने पडते. डावीकडे तेच आटे असले तर सोडण्याच्या दिशेने.

यावरचा तोडगा सोपा आणि हुशारीचा होता: डाव्या पायडलाला उलटे आटे पाडायचे. अमेरिकेत डेटन गावी दोन भाऊ सायकली बनवून विकत असत. त्यांनी १९०० साली आपल्या गिऱ्हाइकांना कळवले, की आमची पायडले आता निसटणार नाहीत, कारण एकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे आहेत. या युक्तीचे श्रेय पुष्कळदा त्यांनाच देतात. ते भाऊ म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. तीन वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, त्यांनी विमान उडवले. त्या विमानाचे पंखेसुद्धा साखळ्यांनीच फिरत होते. सायकलवाल्याचा हात कुठे लपत नाही.

हे उलटे आटे मला फार महागात पडले आहेत, तेही सांगून टाकतो. आमच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी तासाच्या भाड्याने सायकली मिळत. पाय सीटवरून पुरत नसत, म्हणून मधल्या नळीखालून पाय घालून आम्ही अर्धेच पायडल मारीत शिकलो. एकदा मी असाच आपटलो आणि डावे पायडल वाकले. मालकाला कळू नये म्हणून मी आणि माझ्या मित्राने त्याच्या घरच्या मोडक्या सायकलीचे पायडल काढून आणले. ते निघाले उजवे. डाव्या बाजूला ते आत जाईना. आम्हाला वाटले, गंज असेल. पान्याला नळी लावून दोघांनी अंगाचा जोर केला. कर्र असा आवाज झाला आणि पायडल आत शिरले. संध्याकाळी मिस्त्रीने नुसते बोट लावून पाहिले आणि म्हणाला, "आटे गेले. क्रँक गेला." वडिलांनी नव्या क्रँकचे पैसे भरले. मला बोलले काही नाहीत. पण त्या महिन्यात घरात येणारे मासिक बंद झाले, ते मला अजून आठवते.

म्हणून ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. डावे पायडल डावीकडेच आणि उजवे उजवीकडेच. दांड्यावर बहुधा तशी खूण कोरलेली असते. पाना दांड्याच्या वरच्या बाजूला धरला, तर दोन्हीकडे पुढच्या चाकाच्या दिशेने ओढले की आवळते, मागच्या चाकाच्या दिशेने ओढले की सुटते. पुढे आवळा, मागे सोडा. आट्यांना आधी बोटभर ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच फेरे हातानेच फिरवा. हाताने जात नसेल तर काही तरी चुकते आहे असे समजून थांबा.

असो. सांगायचा मुद्दा हा, की या टोकाच्या बाबतीत जगाने हळूहळू एकमत केले. सायकलीच्या आट्यांची मापे इंग्लंडात विसाव्या शतकाच्या आरंभी ठरवली गेली. पायडलासाठी नऊ सोळांश इंच व्यास आणि इंचाला २० आटे हे माप रूढ झाले. इंग्रजी सायकली जिथे जिथे गेल्या तिथे ते गेले. फ्रान्सने बरीच वर्षे आपले १४ मिलिमीटरचे माप चालवले, अमेरिकेत एकसंध क्रँकच्या सायकलींना अर्ध्या इंचाचे माप राहिले. पण बाकी बहुतेक जग, पुढे जपान आणि तैवानसुद्धा, याच मापावर स्थिरावले. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना इथे सायकलीचे कारखाने निघाले. त्यांच्या मोठ्या सायकलींचे पायडलही याच मापाचे. भाषा निराळ्या, नाणी निराळी, रस्त्याच्या बाजू निराळ्या. पण पायडलाचा आटा एक.

आता माणसाकडचे टोक. इथे पाहिले तर एकमताचा पत्ताच नाही.

आरंभी प्रश्नच नव्हता. पाय ठेवायला सपाट जागा हवी, पावसात घसरू नये म्हणून रबराचे ठोकळे हवेत, झाले. अशाच पायडलांवर जगाचे बहुतेक काम चालले. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे ४४,००० मैल तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. त्या वेळी आजची नवलाईची पायडले बाजारात रुळलेली नव्हती. जग फिरायला त्यांच्यावाचून अडले नाही.

पण शर्यतवाल्यांची भूक निराळी असते. पाय वर येताना पायडलावरून उचलला जातो, घसरतो, जोर वाया जातो, असे त्यांना वाटे. म्हणून पायडलावर चवड्यासाठी लोखंडी पिंजरा आला आणि त्यातून चामड्याचा पट्टा. शर्यत सुरू झाली की स्वार वाकून हाताने पट्टा आवळी. थांबायचे असले की पुन्हा वाकून सैल करी. मध्येच पडला तर पाय सायकलीला बांधलेला. जवळजवळ शंभर वर्षे शर्यतवाल्यांनी हा धोका पत्करला.

तो सुटला बर्फामुळे. फ्रान्समध्ये 'लुक' नावाची एक कंपनी बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्यांना बूट अडकवण्याची खिटी बनवी. माणूस पडला, पाय पिळवटला, की ती खिटी आपोआप सुटते, हाड वाचते. १९८४ मध्ये या कंपनीने तीच युक्ती सायकलीवर आणली. बुटाच्या तळव्याला एक पट्टी स्क्रूने बसवायची; पायडलावर पाय दाबला की ती खटकन अडकते, टाच बाहेर वळवली की सुटते. १९८५ मध्ये बेर्नार इनो याने ही पायडले वापरून फ्रान्सची मोठी शर्यत पाचव्यांदा जिंकली, आणि मग शर्यतवाल्यांत चामडी पट्टे पाहता पाहता मागे पडले. गंमत म्हणजे इंग्रजीत या पायडलांना 'क्लिपलेस' म्हणजे बिनक्लिपची म्हणतात, आणि पाय तर त्यांतच पक्का अडकतो. जुना पिंजरा म्हणजे 'क्लिप'. तो गेला म्हणून ते नाव पडले.

एकाने केले म्हटल्यावर दुसरे कशाला मागे राहतील? प्रत्येक कारखानदाराने आपली खिटी काढली. जपानच्या 'शिमानो'ने १९९० मध्ये डोंगरातल्या सायकलींसाठी लहान पट्टी आणली; ती तळव्याच्या खाचेत लपते, म्हणून उतरून चालता येते. कोणाची पट्टी दोन स्क्रूंची, कोणाची तीनची, कोणाची चारची. एकाचा बूट दुसऱ्याच्या पायडलावर बसत नाही. पेटंटे निराळी, दुकानदारी निराळी. यंत्राच्या टोकाला साऱ्या जगाचा एक आटा, आणि माणसाच्या टोकाला जितके कारखाने तितक्या खिट्या.

आता दादांच्या प्रश्नाकडे या. समजा आपण कारखानदार आहोत आणि महागडी शर्यतीची सायकल विकतो आहोत. कोणते पायडल लावून द्यायचे? ज्याच्याकडे तीन स्क्रूंचे बूट आहेत त्याला दोन स्क्रूंचे निरुपयोगी. ज्याला साधे सपाट हवे त्याला दोन्ही निरुपयोगी. आणि अशी सायकल घेणाऱ्याजवळ बहुधा जुन्या सायकलीची पायडले आणि त्यांना जुळणारे बूट असतातच; तो जुनी काढतो आणि नवीवर चढवतो. आटा सगळीकडे एक असल्यामुळे ते पाच मिनिटांचे काम. कारखान्याने दिलेले पायडल तो फडताळात टाकणार. म्हणून १९९० नंतर हळूहळू रिवाज पडला: महागड्या सायकलीला पायडल द्यायचेच नाही. पूर्वी पायडल सायकलीचा भाग होते, आता ते बुटाचा जोडीदार झाले. चपलांचा आकार चपलावाला ठरवत नाही, पाय ठरवतो; तसे हे झाले.

याला दोन लहान कारणे चिकटली. पायडले बाजूला आलेली, ती लावून ठेवली तर खोके रुंद होते. म्हणून साध्या सायकलीचीसुद्धा पायडले काढून, वेगळ्या पुडक्यात बांधून पाठवतात. आणि दुसरे, काट्यावरची हातचलाखी. हलकेपणावर या सायकली विकल्या जातात. पायडलांच्या जोडीचे तीन-चारशे ग्रॅम वगळून वजन छापले की आकडा देखणा दिसतो. व्यापारी तो मोह सोडत नाही. किमतीचेही तसेच.

मग दादांनी म्हटले ती फसवणूक झाली का? माझा निवाडा असा. रिवाजामागे खरे कारण आहे, आणि ते गिऱ्हाइकाच्या सोयीचे आहे. पण ज्याच्याजवळ आधीच बूट आणि पायडले आहेत, अशाच गिऱ्हाइकाच्या. जो पहिल्यांदा अशी सायकल घेतो, त्याला हे कोणी सांगितले नाही तर तो भिंतीला टेकलेली सायकल पाहत बसतो. रिवाज वाईट नाही. न सांगणे वाईट. पैसे मोजण्यापूर्वी विचारा, आणि विकणाऱ्याने न विचारता सांगावे.

आणि आणखी एक. दूधवाल्याची, शेतमजुराची, शाळेत जाणाऱ्या मुलीची सायकल आजही पायडलांसकट मिळते. बिहार सरकारने २००६ मध्ये शाळकरी मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्या मुली ज्या सायकलींवरून शाळेत गेल्या त्यांना पायडल आहे की नाही हे कोणी विचारले नसेल, कारण साध्या वहाणेला साधे पायडल पुरते. ज्या सायकलीवाचून रोजचे काम अडते ती पुरी विकतात. जी हौसेने घ्यायची तीच अपुरी विकायला परवडते. सायकल कोणासाठी बनवली आहे, हे तिच्या क्रँकच्या टोकाकडे पाहून कळते.

शेवटी पुतण्याच्या सायकलीचे काय झाले ते सांगतो. हे सारे मी दादांना ऐकवले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "आटा सगळीकडे एकच म्हणालास ना?" मग उठून ते मागच्या अंगणात गेले. तिथे त्यांची जुनी काळी सायकल अजून उभी आहे. टायर गेलेले, घंटी गेलेली. त्यांनी दोन्ही पायडले मागच्या बाजूला ओढून सोडवली, रॉकेलमध्ये धुतली, छर्ऱ्यांना ग्रीस भरले, आणि पुतण्याच्या त्या हलक्याफुलक्या सायकलीला हाताने फिरवून बसवली. डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. अडखळलीसुद्धा नाहीत. बत्तीस वर्षे एका माणसाच्या पायाखाली झिजलेले रबर आणि वर ती चकचकीत चौकट. दिसायला थोडे विजोडच होते. रविवारी पुतण्या त्यावरूनच सिंहगडच्या पायथ्याशी जाऊन आला. पुढे त्याने खिटीची पायडले आणि बूट घेतले, ते वेगळे.

अलीकडे जर्मनीत आणि मग सगळीकडे लहान मुलांसाठी मुद्दाम बिनपायडलाच्या सायकली निघाल्या आहेत. मूल बसते, दोन्ही पायांनी जमीन ढकलत पळते, आणि हळूच एके दिवशी दोन्ही पाय उचलून घेते. ड्राइसचे दोनशे वर्षांपूर्वीचे यंत्र पुन्हा अंगणात आले म्हणायचे. तोल आधी शिकायचा, पायडल मागाहून. आम्ही नळीखालून पाय घालून, गुडघे फोडून, दोन्ही एकदम शिकलो.

इंग्रजीतला मूळ शब्द लॅटिनमधल्या पायाच्या शब्दावरून आला आहे; आपल्या 'पद' शब्दाचा तो दूरचा नातलग. आपल्या लोकांनी तो ऐकला आणि त्यात सरळ 'पाय' घालून 'पायडल' करून टाकला. शब्द अगदी नेमका झाला आहे. ती वस्तू सायकलीपेक्षा पायाचीच जास्त.